गोजरबाईची जीभ आणि पांढरी द्राक्षं

एकदा चाखलेली चव आपली जीभ विसरत नाही, असं गोजरबाईचं ठाम म्हणणं होतं, आणि ते ती दिवसातून दोनदा तरी म्हणायची. भाकरीचा तुकडा तोंडात टाकून पीठ कोणत्या विहिरीच्या पाण्यात मळलंय ते ती सांगायची. एका लग्नाच्या पंगतीत वरणाचा घोट घेऊन, खाली लागलेलं वरण वरच्या वरणात मिसळलंय, असं तिनं आचाऱ्याच्या तोंडावर सांगितलं. तेव्हापासून तो आचारी गोजरबाईच्या गावाच्या, म्हणजे गोरेगावच्या, बाजूचं काम घेताना आधी विचारायचा, "त्या बाई येणार हायेत का?"

पण या जिभेला पंचावन्न वर्षं एकच दुःख होतं. द्राक्षांचं.

गोजरबाईचं माहेर कळमनुरीचं. ती आठ वर्षांची असताना तिथं निजामाच्या वेळच्या एका मुन्सफाचा बंगला होता. मुन्सफ केव्हाच निघून गेला होता. मागं राहिला होता एक म्हातारा राखणदार, आणि मांडवावरचा पांढऱ्या द्राक्षांचा वेल. बाजाराच्या दिवशी गोजरची आई भाजी घेऊन बसायची. शेजारी तांड्यावरची एक बाई डिंक विकायला यायची, तिची पोरगी पारू गोजरच्याच वयाची. राखणदार दुपारी घोरायला लागला की दोघी भाजीच्या पाट्यांमागून पसार! एके दिवशी भिंतीवर चढून त्यांनी ती द्राक्षं खाल्ली. पुढच्या बाजारी गेल्या, तर वेल तोडलेला आणि मांडवाच्या बल्ल्या सरपणाला गेलेल्या.

ते मणी हरभऱ्याएवढे होते, सालीला जाड, प्रत्येकात बी. दाताखाली फुटले की आधी मध, आणि मधाच्या मागून कोवळ्या कैरीसारखा आंबटपणा. बस, तेवढंच. पण ती चव गोजरबाईच्या जिभेवर जी बसली ती बसलीच. लग्न झालं, सासर आलं, लेकरं झाली, सून आली. दर उन्हाळ्यात हिंगोलीच्या बाजारात ती गाडीवाल्यांची द्राक्षं चाखायची. बोटासारखी लांब, बिनबियांची, काचेसारखी चकचकीत द्राक्षं. एक मणी तोंडात टाकायची आणि म्हणायची, "पाणी हाय." गाडीवाले तिला ओळखून होते. ती दिसली की टोपली झाकायचे.

ही चव जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होती. पारूला. पारूची पारुबाई झाली, सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावर नांदायला गेली. महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत दोघींची दरवर्षी भेट ठरलेली. देवळामागच्या दगडावर बसून शेंगा फोडत गोजरबाई बोलायची, पारुबाई डोळे मिटून ऐकायची. सांगून संपलं की म्हणायची, "पुन्हा सांग, कसं व्हतं ते?" गोजरबाई पुन्हा सांगायची. आपल्यासारखीच हिलाही ती चव सुटत नाही, याचं तिला फार सुख वाटायचं. मग पारुबाईचे गुडघे गेले आणि जत्रा सुटली. तीन वर्षं भेट नाही.

तर अशात रामकिशनराव, म्हणजे गोजरबाईचे यजमान, शेतकऱ्यांच्या सहलीतून नाशिककडं गेले. तिथल्या एका बागेत छाटणी चालली होती. एका वेलीवर चुकून राहिलेला घड त्यांना दिसला. त्यांनी मणी तोंडात टाकला आणि तोंड वाकडं करून थुंकला. बी, जाड साल, आंबट. थुंकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की चाळीस वर्षं जेवताना आपण ज्याचं वर्णन ऐकत आलोय ते हेच! छाटणीवाल्याकडून पाच काड्या मागून घेतल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या, आणि दोन दिवस मांडीवर तान्ह्या लेकरासारख्या धरून आणल्या. द्राक्षाचं नावही विचारून घेतलं होतं. जिंतूर येईपर्यंत ते पाठ होतं. जिंतूरला चहा घेतला आणि नाव गेलं.

"फिरंगी व्हतं काहीतरी," ते म्हणाले. "शे... शे... येईल ध्यानात."

"नावाचं काय लोणचं घालायचंय?" गोजरबाई म्हणाली, आणि काड्या न्हाणीच्या पाण्यावर लावून मोकळी झाली.

पाचातल्या चार वाळल्या. एक जगली. तिच्यासाठी गोजरबाईनं अंगणात तारांचा मांडव घातला. सुनेला, वैष्णवीला, बजावलं की एक वेळ माझ्या औषधाला उशीर झाला तरी चालेल, पण वेलाला आंघोळीचं पाणी बराबर गेलं पाहिजे. तिसऱ्या साली, म्हणजे दोन हजार पाचच्या उन्हाळ्याच्या तोंडी, वेलाला बारा घड लागले.

घड कसले, मक्याची कणसंच. मणी एकमेकांना इतके चिकटलेले की मधून मुंगी जायला वाट नाही. आणि वाढता वाढेनात. बायका पाण्याला जाताना थांबून बघायच्या. कुणी म्हणायची, काकू, खत कमी पडलं. कुणी म्हणायची, काकू, यांची माळ ओवा, जपाला होईल. गोजरबाई वेलाला पाणी घालत राहायची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मण्यांवर पिवळट झाक आली. तिनं एक मणी तोडला, पदराला पुसला आणि दाताखाली धरला.

मध. आणि मधाच्या मागून कैरी.

गोजरबाई मांडवाखाली मटकन खाली बसली. वैष्णवी धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. बघते तर सासू रडत होती आणि हसतही होती. रामकिशनरावांनीही एक मणी खाल्ला आणि शिस्तीत थुंकला. पण गोजरबाईला त्याचं काही नव्हतं. तिला आता एकच पाहिजे होतं. पारूनं ही द्राक्षं खावी आणि म्हणावं, व्हय गोजर, हीच ती. एवढं एकदा झालं की जिभेचं पंचावन्न वर्षांचं सार्थक झालं.

जीपवाल्या नरसिंगकडून निरोप गेला. दोन दिवसांनी त्याच जीपनं उत्तर आलं. पारुबाई गुरुवारी येते, नात सासरी जातीय, तिला वाटं लावून येते. निरोप आला तो शनिवारी. मधे चार दिवस.

आणि द्राक्षं थांबेनात. घड एवढे दाटलेले, की एक मणी तडकला की त्याचा रस शेजारच्या चौघांवर, ते चौघं नासले की पुढचे दहा. गांधीलमाश्या अशा जमल्या, जशी गावात पंगत पडलीय. रविवारी सकाळपर्यंत बारातले चार घड गेले. गोजरबाईनं उरलेले सगळे चांगले घड उतरवले आणि ठरवलं, रस काढून ठेवायचा.

"आई, साखर घालून उकळून ठेवू," वैष्णवी म्हणाली. ती बारावीपर्यंत शिकलेली. "न्हाई तर गरमीनं फसफसंल."

"उकळलं की चव मरती. आन माझ्या हातचं आजवर काही फसफसलंय का?"

नव्हतं फसफसलं. लोणचं सात सात वर्षं टिकलं होतं. वैष्णवी गाळायचं फडकं शोधायला गेली.

आता बाटल्या. इथं एक गोष्ट सांगायची राहिली. गोजरबाई त्या दिवसांत गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष होती. गावात संतरामचं देशी दारूचं दुकान होतं, सरकारी परवान्याचं. तसलं दुकान बंद करायचं तर गावातल्या बायकांचं मतदान व्हायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. समितीनं सगळ्या बायकांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज केला होता. गोजरबाईनं मारुतीच्या पारावर सगळ्यांकडून शपथ घेतली होती, की या गावात एक थेंबसुद्धा राहू देणार नाही. आणि संतरामच्या दुकानामागं पडणाऱ्या रिकाम्या बाटल्या गोळा करून, साहेबांना पुरावा दाखवायला म्हणून, एक पोतं भरून ठेवलं होतं. ते पोतं गोजरबाईच्याच गोठ्यात होतं.

त्यातल्या सहा छोट्या चपट्या बाटल्या तिनं काढल्या. राखेनं घासल्या, उकळत्या पाण्यानं धुतल्या, उन्हात वाळवल्या. रस फडक्यातून गाळून भरला. मक्याचं दाणे काढलेलं कणीस तासून बुचं केली आणि ठोकून बसवली. मग ओसरीवरच्या माळ्यावर, पत्र्याखाली, कडब्याच्या पेंढ्यांमागं सहाही बाटल्या एका ओळीत आडव्या ठेवल्या. बाटली उभी ठेवणं तिला त्या दिवसांत बघवत नव्हतं. घरातली खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा ती आडवी ठेवायची, त्यापायी दोन पातळं तेलकट झाली होती.

मंगळवारी माळ्यावरून बारीक आवाज यायला लागला, कुणीतरी कुजबुजत बसल्यासारखा. गोजरबाई म्हणाली, उंदीर. बुधवारी आवाज वाढला. गोजरबाई म्हणाली, उंदराला पिलं झाली.

गुरुवारी अर्जावरच्या सह्या तपासायला तालुक्याहून साहेब आले. अध्यक्षबाईंच्या घराशिवाय ते कुठं बसणार? ओसरीवर खुर्ची, पुढं टेबल, टेबलावर अर्जाचे कागद. बायका रांगेनं येऊन हा अंगठा माझाच म्हणून सांगत होत्या. समितीची उपाध्यक्ष जिवनबाई रांग सांभाळत होती. नवऱ्यानं आयुष्यभर पिऊन तिची दोन एकर जमीन घालवली होती, त्यामुळं या कामात ती गोजरबाईहून कडक. दुसऱ्या बाजूला संतराम हजर होता, कुणी खोटा अंगठा मारला तर धरायला. गोजरबाईचं लक्ष मात्र रस्त्याकडं. नरसिंगची जीप बाराला येते, आज साडेबारा झाले तरी पत्ता नव्हता.

ऊन चढलं, पत्रा तापला. आणि माळ्यावर टप्प असा आवाज झाला.

एक बूच पत्र्यावर आपटून कडब्यात पडलं. साहेबांनी वर बघितलं. गोजरबाई म्हणाली, माकडं हायेत. तोवर दुसरं बूच उडालं, ते पत्र्याला लागून थेट साहेबांच्या चहात. मग तिसरं, चौथं, पाचवं, दिवाळीत लवंगीची माळ लागावी तसं. फळ्यांच्या फटींतून फेसाळ पिवळा रस गळायला लागला. थोडा अर्जाच्या कागदांवर गळाला, आणि चाळीस बायकांच्या अंगठ्यांची शाई एकमेकींत मिसळून निळं तळं झालं. थोडा संतरामच्या डोक्यावर, तिथून कपाळावर, तिथून मिशीवर.

संतरामनं मिशीवरचा थेंब जिभेनं टिपला. डोळे मिटले. वीस वर्षं धंद्यात मुरलेला माणूस.

"काकू," तो अदबीनं म्हणाला, "हा माल आपल्याकडं न्हाई."

वैष्णवी माळ्यावर चढली आणि पाच रिकाम्या, एक भरलेली अशा सहा बाटल्या खाली घेऊन आली. संतरामच्याच दुकानातल्या बाटल्या, त्यांवर त्याच्याच मालाची अर्धवट निघालेली चिठ्ठी. जिवनबाईनं बाटलीकडं बघितलं, मग गोजरबाईकडं. ते बघणं गोजरबाई पुढं कधी विसरली नाही.

"सरबत हाय," गोजरबाई म्हणाली. "आमच्या वेलाचं."

साहेब उठून अंगणात गेले. मांडवाखाली उभे राहून पान उलटंपालटं करून बघितलं. वर एक वाळका, गांधीलमाश्यांनी पोखरलेला घड लटकत होता, त्यातला एक मणी फोडून बघितला. ते आधी सहा वर्षं नाशिककडं नोकरीला होते.

"बाई, ही खायची द्राक्षं नाहीत," ते म्हणाले. "ही वाइनची. शेनिन ब्लांक म्हणतात."

"हेच! हेच नाव!" रामकिशनराव आनंदानं ओरडले. "जिंतूरपासून आठवून राहिलो!"

गोजरबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की ते गोठ्यात निघून गेले.

"आणि बाटल्या आडव्या ठेवायच्या हे कुणी सांगितलं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या समितीचा तसाच नेम हाय."

"वाइनवाल्यांचाही तोच आहे," साहेब म्हणाले, आणि रुमाल तोंडाला लावून थोडा वेळ खोकत राहिले.

संतरामला मात्र पंचनामा पाहिजे होता. अध्यक्षीणबाईच्या घरात दारू निघाली, हे लिहून पाहिजे होतं. साहेब म्हणाले, विकायला केलेली नाही, नकळत झालंय, उरलेली बाटली माझ्यासमोर ओतून टाका आणि विषय संपवा. अंगठे नव्या कागदावर पुन्हा घेऊ.

नेमकी त्या वेळी नरसिंगची जीप दारात थांबली. दोघांनी धरून पारुबाईला उतरवलं. दोन्ही हातांत बांगड्यांचा चुडा, हातात काठी, आणि पंचावन्न वर्षांपूर्वी भिंतीखाली चमकायचे तेच डोळे. तिनं ओसरीवरची गर्दी बघितली, ओले कागद बघितले, गोजरबाईच्या हातातली बाटली बघितली, आणि काही न विचारता मांडवाखाली बसली.

गोजरबाईच्या हातात एक बाटली होती. पाच हातांवर पारू होती. तेवढंच अंतर होतं.

"जिवनबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "माझी मैत्रीण लांबून आलीय. ती या गावची न्हाई, तिनं शपथ घेतलेली न्हाई. एक घोट फक्त."

जिवनबाईनं आवाज चढवला नाही. "काकू, आमच्या घरी बी दररोज एकच घोट म्हणून बसायचे."

गोजरबाईनं बूच काढलं. वास आला, मधाचा, आणि मधाच्या मागून आणखी कसला तरी. तिनं बाटली आडवी केली आणि सगळा रस वेलाच्या बुडाशी ओतला. मातीनं तो दोन घोटांत पिऊन टाकला.

मग पुन्हा अंगठे झाले. साहेब गेले, संतराम गेला, जाताना जिवनबाईनं गोजरबाईचा हात धरून दाबला. उन्हं कलली. परतीची जीप यायला अर्धा तास होता. दोघी मांडवाखाली बसल्या.

"पारू, माफ कर," गोजरबाई म्हणाली. "एवढी तकलीफ घेऊन आलीस. ती चव तुला पुन्हा भेटली असती."

"पुन्हा?" पारुबाई म्हणाली. "मला कधी भेटली व्हती?"

"आगं, मुन्सफाच्या भिंतीवर. आपण दोघींनी..."

"भिंतीवर तू चढली व्हतीस. मी खाली राखणदाराकडं बघत उभी व्हते. आता टाकती, मग टाकती म्हणून वर बघू बघू माझी मान मोडली. तू मांडी घालून बसलीस आन सगळा घड खाऊन उतरलीस."

गोजरबाईनं जिभेला विचारून बघितलं. जिभेला सगळं आठवत होतं, मण्याची साल, बी, मध, कैरी. पण भिंतीखाली उभी असलेली पारू जिभेला आठवत नव्हती.

"मग दर साली जत्रेत पुन्हा सांग, पुन्हा सांग, असं काहून म्हणायचीस?"

"मग काय करू? न खाल्लेलं माणूस आणखी काय करतं? तू असं सांगायचीस, की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. तेवढंच मिळायचं."

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. पारुबाईनं वर हात करून वेलाचा एक कोवळा तणावा तोडला, तो वळलेला हिरवा दोरा तोंडात टाकून चघळला. "आंबट हाय," ती म्हणाली.

"मधाच्या मागून यायचा तो ह्योच आंबटपणा," गोजरबाई नाक पुसत म्हणाली.

"मंजे अर्धं झालं. मधाचं पुढच्या साली बघू."

दाराशी नरसिंगनं हॉर्न दिला.

पुढं मतदान झालं, बाटली आडवी झाली, संतरामनं दुकानात किराणा भरला. ते सगळं गावाला ठाऊक आहे. गोजरबाईनं मात्र ते वर्ष दिवस मोजून काढलं. वेल तोडा म्हणणारेही होते. जिवनबाईनंच त्यांना गप्प केलं, की वेलानं काय पाप केलंय, बाटलीत घातलं ते माणसानं.

दुसऱ्या साली घड आले तेव्हा गोजरबाईनं घाई केली नाही. बी पिकून तपकिरी होईपर्यंत थांबली. सगळ्यांत चांगला घड कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला, पितळी डब्यात ठेवला, आणि डबा मांडीवर घेऊन स्वतः निघाली. तीन जीपा बदलायच्या होत्या. वैष्णवी बरोबर येते म्हणाली, तिला नको म्हटलं. यात तिसरं माणूस नको होतं.

दुपारी ती तांड्यावर पोचली. पारुबाई खाटेवर बसून वाटच बघत होती. गोजरबाईनं डबा तिच्या हातात दिला. पारुबाईनं झाकण काढलं, फडकं उलगडलं, आणि बराच वेळ आत बघत राहिली. आत घडाचा हिरवा देठ होता, आणि देठाला सात मणी.

"हिंगोलीला एक चाखून बघितला," गोजरबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "गरमीनं बिघडला तर न्हाई म्हणून. मग औंढ्यात एक. मग रस्ता लई खराब व्हता."

पारुबाईनं एक एक करून सातही मणी खाल्ले, डोळे मिटून, सावकाश. प्रत्येक मण्याची बी तळहातावर काढून ठेवली. गोजरबाई श्वास धरून बसली होती.

"हीच हाय," शेवटी पारुबाई म्हणाली. "तू सांगायचीस तशीच."

गोजरबाईचे डोळे भरून आले. पारुबाईनं बिया पदराच्या गाठीला बांधल्या, रिकामा डबा नीट झाकण लावून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली,

"पण पुढच्या साली द्राक्षं आणू नकोस, गोजर. काडी आण. काडी वाटंत खाता येत न्हाई."